डावीकडं खिडकी, उजवीकडं हिरवं

प्रिय शालू,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसले आहे. अंकुशनगरला तुझ्या माहेरी हे पत्र पोचेल, पण तुझ्याच हातात पडेल का ते माहीत नाही. पाकिटावर माझं नाव घातलेलं नाही. तुझ्या भावानं उघडलं तर त्यालाही वाचू दे. लपवण्यासारखं मी यात काही लिहिणार नाही.

येत्या मंगळवारी जालन्याच्या कोर्टात माझी साक्ष आहे. आमच्या यांच्या खुनाच्या खटल्यात डोळ्यांनी पाहिलेली मी एकटीच उरले आहे, कारण बाकी वाटूर गावाच्या डोळ्यांत त्या दिवशी एकाएकी माती गेली. समोर आरोपी म्हणून तुझा नवरा सोमेश्वर उभा असेल. मी काय सांगणार, हे गावात सगळ्यांना आधी कळायला हवंय. गिरणीत दळण घेऊन गेले तर गिरणीवाला पट्टा थांबवून विचारतो, "मंग काय ठरवलं वहिनी?" रामराव अण्णा येऊन समजावतात, की गेलेला माणूस माघारी येत न्हाई, राहिलेल्याला कामून गाडतेस? तुझे दीर इतकं गोड बोलत नाहीत. परवा बाजाराच्या दिवशी दोघं दुकानासमोर मोटरसायकल लावून बसले. धाकटा म्हणाला, "एक स्क्रीन फुटल्याली हाय वहिनी, दुसरी फुटायला किती येळ लागतो?" जाताना त्यानं बाहेरून आलेली वायर हाताला गुंडाळली आणि हिसका देऊन तोडली. दुकानात बायका बसल्या होत्या. सगळ्यांनी आपापल्या पायांकडं बघितलं.

हो, दुकान आता मी चालवते. लोक अजून त्याला हरीभाऊचं ऑनलाईनचं दुकान म्हणतात आणि आत येऊन मला बघितलं की जरा थबकतात. पहिल्यांदा मी शटरला हातच लावला नव्हता. तेराव्यानंतर रामराव अण्णाच आधी आले. भेटायला आले असतील म्हणून चटई टाकली, तर टेकता टेकता म्हणाले, "पोरी, माही केवायसी तेवढी राह्यली व. दुकान कधी उघडून राह्यली?" शालू, ज्या रांगेतून लोक यांच्या अंगावर गेले त्या रांगेत हा म्हातारा उभा होता. मी पाट्यावर चटणी वाटत होते. हातातला वरवंटा उचलून फेकला. त्यांना लागला नाही, मागच्या कपाटाची काच फुटली. अण्णा चपला हातात घेऊन काचांवरून निघून गेले. मला वाईट वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. मला तेव्हा काहीतरी फुटल्याचा आवाज ऐकायचा होता, आणि तो माणसाच्या हाडाचा असता तरी मी हात आखडला नसता. असं माणसाला होतं हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं, स्वतःच्या हातात पहिल्यांदा कळलं. म्हणून सोमेश्वरला त्या दिवशी काय झालं असेल ते मला थोडं समजतं. समजतं म्हणजे माफ होतं असं नाही.

आपण दोघी त्या दिवसाबद्दल एकमेकींशी अवाक्षर बोललो नाही. तुला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून लिहिते.

शेजारच्या तालुक्यात एका दुकानदारानं लोकांचे अंगठे घेऊन त्यांची खाती रिकामी केली होती, ती बातमी मीच यांना पेपरातून वाचून दाखवली.  दुसऱ्याच दिवशी हे जालन्याला जाऊन एक जुनी स्क्रीन घेऊन आले आणि दुकानाच्या खिडकीत, लोकांकडं तोंड करून बसवली. आत हे जे करतील ते बाहेर सगळ्यांना दिसायचं. निम्म्या लोकांना वाचता येत नाही, मग यांनी त्यांना जागा शिकवल्या. डावीकडं खालच्या कोपऱ्यात चार तावदानांची निळी खिडकी, तिथून यादी वर उघडणार. उजवीकडं खाली हिरवा ठिपका, म्हणजे अंगठ्याचं मशीन बराबर जोडलेलं आहे. ते दोन्ही दिसल्याशिवाय अंगठा ठेवायचा नाही. केशरबाईला तर यांनी पाठच करून घेतलं होतं, "डावीकडं खिडकी, उजवीकडं हिरवं, मंगच अंगठा." ती रांगेत उभी राहून हे आरतीसारखं म्हणायची आणि बाकीचे टाळ्या पिटायचे. आणि हे काय म्हणायचे आठवतं का? "माह्या दुकानात असू द्या न्हाईतर दुसऱ्याच्या, ह्याच्यात जरा जरी बदल दिसला तर समोरच्याची कॉलर धरा. इचारत बसू नका."

लोकांनी यांचं ऐकलं, शालू. तेवढंच केलं त्यांनी.

मला जागांची गरज पडत नव्हती, मला अक्षरं येत होती. लहानपणी, आपण शेजारी राहायचो तेव्हा, तू शाळेत जायचीस आणि मी साखर कारखान्याच्या वसाहतीत धाकट्यांना कडेवर घेऊन बसायचे. तू परत येईपर्यंत मी साखरेच्या पोत्यावरची अक्षरं कोळशानं ओट्यावर काढून ठेवायचे आणि तू दप्तर न उतरवता सांगायचीस, हा स, हा ख. तुला कंटाळा यायचा, पण तू सांगायचीस. पुढं भज्यांच्या पुड्याचे कागद, मग पेपर, मग वाचनालय. मला वाचता येतं म्हणून मी यांना म्हटलंही होतं, की लोकांना जागा शिकवण्यापेक्षा शब्द शिकवा. हे हसले. म्हणाले, "मीने, अक्षर शिकायला जनम जातो, कोपरा शिकायला एक मिनिट."

कंप्युटर बरेच दिवस विचारत होता, नवीन रूप आत्ता बसवू की नंतर. हे दर वेळी 'नंतर' दाबायचे. हंगामाचे दिवस, दुकान अडून कसं चालेल? मग एका रात्री त्यानं न विचारताच ते बसवून घेतलं. सकाळी यांनी शटर वर केलं, मशीन चालू केलं आणि मला हाक मारली. मी पोळ्या टाकून आले. सगळं पांढरंफेक, कडा गोल गोल, जणू कुणी चाकूनं टोकं तासलीत. डावा कोपरा रिकामा. निळी खिडकी सरकून मधोमध येऊन बसलेली. हे म्हणाले, "नव्या नवरीवानी सजवलंय बघ, पण घरात काय कुठं ठिवलंय ते तिलाच ठाऊक." मला हसू आलं. ते आम्ही शेवटचं सोबत हसलो.

अतिवृष्टीच्या अनुदानाच्या केवायसीची ती शेवटची तारीख. रांग अजमतभाईच्या वेल्डिंगच्या दुकानापर्यंत गेली होती. ऊन चढलं होतं, लोक पहाटेपासून उभे. आधी थट्टाच चालली होती. कुणी म्हणे, "हरीभाऊ, कंप्युटर इकून टीव्ही घेतला काय?" केशरबाई काचेला नाक लावून म्हणाली, "अरे हरी, कोपऱ्यातलं कुठं गेलं रं?" हे आतून सांगत होते, काकू, तेच आहे, फक्त जागा बदलली, कंपनीनंच बदलली. ती म्हणाली, "कंपनी माह्या इकडं कामून येईल रं जागा बदलायला?" लोक हसले. पण ते हसणं मला आतल्या खोलीत ऐकू येत होतं, ते मोकळं नव्हतं. पिठात खडा यावा तसं.

मग हिरवा ठिपका दिसेना. पहिल्या दोघांचे अंगठे मशीननं घेतलेच नाहीत. हे चाचपडत होते, माऊस इकडून तिकडं फिरवत होते, नेहमीच्या जागी काहीच नव्हतं. आपल्याच घरात दिवे गेल्यावर माणूस भिंतीला हात लावत चालतो तसे. कुणीतरी खिडकीवर थाप मारली. मग दोघांनी मारली. एकानं हात आत घालून की-बोर्ड टेबलावर आपटला, "जुनं लाव की बे! रोजचं लाव!" रोज इतक्या गरिबीनं बोलणारी माणसं, पण स्क्रीनला शिव्या देता देता त्या शिव्या यांच्याकडं कधी वळल्या ते कुणालाच कळलं नसेल. तेवढ्यात तुझा नंबर आला.

तुझा अंगठा कापूस वेचून घासलेला. आधीही त्रास द्यायचा. यांनी एकदा ठेवायला सांगितला, नाही झालं. पुसून दुसऱ्यांदा, नाही झालं. तिसऱ्यांदा. त्यावर तू मागं वळून सोमेश्वर भाऊजींना म्हणालीस, "तीनदा घेतला व ह्यांनी माहा." खरं तेच बोललीस. तुझ्या आवाजात तक्रारसुद्धा नव्हती, नुसती चिंता होती. पण मागून कुणीतरी ओरडलं, तीनदा अंगठा घेतला, तीनदा, आणि हिरवं दिसत न्हाई! रांग रांग राहिली नाही. सोमेश्वर दुकानाच्या तोंडाची आडवी फळी वर करून आत गेला आणि त्यानं यांची कॉलर धरली.

हे घाबरले की हसायचे. तुला ठाऊक आहे, आमच्या लग्नात मांडवाची बल्ली पडली तेव्हाही हे हसत होते. त्या दिवशीही हसले. सोमेश्वरनं थोबाडीत दिली, "हसतू व्हय रे चोरा?" यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर डावा हात मागं नेऊन घराच्या मधल्या दाराची कडी दुकानाच्या बाजूनं घातली. म्हणजे मी त्यांच्यात येऊ नये. मी दार बडवलं, मग पत्र्याच्या कोठीवर चढून वरच्या जाळीतून बघितलं. जाळीतून मला टेबल पूर्ण दिसत होतं. एवढंच कोर्टात महत्त्वाचं आहे म्हणे, की मला पूर्ण दिसत होतं.

कॉलर सोमेश्वरच्या मुठीत असताना यांचा उजवा हात माऊसवरच होता. खाली उजवीकडं एक बारीक बाण होता, नखाएवढा. तो यांनी दाबला आणि त्याच्या मागं एक छोटी पेटी उघडली. हिरवा ठिपका तिथं होता, शालू. तिथंच लपवून ठेवला होता नव्या रूपानं. हे ओरडले, "हे बघा हिरवं! हे बघा, हाय हिरवं!" खिडकीतल्या स्क्रीनवरही तो दिसत असणार. पण तोपर्यंत खिडकीपाशी बघायला कुणी उरलंच नव्हतं, सगळे आत आले होते. कुणीतरी वायर धरून ती स्क्रीन ओढली, ती ओट्यावरून खाली आली आणि लोक तिच्यावरून चालले. प्रिंटर फेकला. खुर्चीचा पाय यांच्या पाठीत बसला. कोण कोण मारत होतं ते सगळं मला सांगता येणार नाही. हात पुष्कळ होते. पण शटर ओढायचा लोखंडी आकडा एकाच माणसाच्या हातात होता.

पहिला घाव खांद्यावर बसला आणि हे गुडघ्यावर आले. दुसऱ्या घावाला तू मध्ये पडलीस. दोन्ही हात वर करून, पदर कुठं गेला याची शुद्ध नसताना. आकडा तुझ्या मनगटावर बसला आणि हात उलटा लोंबला, मी बघितला. तू ओरडली नाहीस. तू फक्त "अहो, हरीभाऊ हायत ते, हरीभाऊ हायत" असं म्हणत राहिलीस, जणू त्यांना ओळख पटली की थांबतील. सोमेश्वरनं तुला कोपरानं बाजूला ढकललं. तिसरा घाव डोक्यावर बसला. तो आवाज मी इथं लिहिणार नाही.

मग सगळे पळाले. अजमतभाईनं बाहेरून येऊन माझी कडी काढली, यांना उचलून आपल्या छोट्या टेम्पोत टाकलं. मी मागं बसले, डोकं मांडीवर घेऊन. माझ्या साडीला पिठाचे हात लागलेले होते, ते पीठ रक्तात भिजून घट्ट झालं. जालना यायच्या आतच मांडीवरचं ओझं वेगळं झालं. मी अजमतभाईला सांगितलं नाही. ते हॉर्न वाजवत, रडत, सगळ्यांना शिव्या देत गाडी हाणत होते. त्यांना हाणू दिली.

आणि ती शेवटची तारीख, तिला सरकारनं नंतर मुदतवाढ दिली. पुन्हा दिली.

दुकान उघडलं तेव्हा मी नवीन कंप्युटर घेतला. त्यातही तेच नवं रूप. मी एकेक शब्द लावत, मराठी-इंग्रजी शब्दकोश शेजारी ठेवून, त्याच्या सगळ्या खोल्या हिंडले. एका दुपारी एका पानावर मला ओळ सापडली, की खालची चिन्हं मधोमध ठेवायची की डावीकडं. मी डावीकडं दाबलं. निळी खिडकी घरंगळत कोपऱ्यात जाऊन बसली, जिथं ती कायम होती तिथं. आणखी एका जागी दाबलं तर हिरवा ठिपकाही बाणामागून बाहेर आला. एवढंच होतं. पाणी प्यायला जितका वेळ लागतो तितक्यात झालं.  मी कंप्युटर उचलला, डोक्यावर धरला. कसा कोण जाणे, खाली ठेवला. त्याचा राग करून काय? तो ज्यांनी बदलला त्यांना वाटूर ठाऊक नाही. त्यांना वाटलं असेल, छान दिसतंय.

लोक आले, त्यांनी कोपरा बघितला आणि त्यांचे चेहरे सैल पडले. केशरबाई म्हणाली, "आलं ग बाई माघारी! आता कसं बरं वाटतंय." ती वाईट नाही. तिनं त्या दिवशी कुणाला बोटही लावलं नाही. पण तिला बरं वाटलं ते मला सोसलं नाही. संध्याकाळी मी ती निळी खिडकी उचलून परत मधोमध ठेवली, ती आता तिथंच असते. लोक चिडतात. एकानं ओट्यावर चप्पल आपटली, एक जण म्हणाला, नवऱ्याच्या वरताण निघाली. मी कुणाला जागा दाखवत नाही. स्क्रीनवर जे लिहिलेलं असतं ते मोठ्यानं वाचते, बोट ठेवून, शब्द न् शब्द, आणि त्यांना माझ्यामागून म्हणायला लावते. मगच अंगठा. वेळ लागतो. ज्याला जल्दी आहे त्यानं परतूरला जावं. तुझी नणंद चार अक्षरं ओळखायला लागली आहे, ती मान खाली घालून येते पण येते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते लिहिते. सरकारी वकिलांनी मला बोलावून सांगितलं, की सोमेश्वरच्या बाजूनं तू साक्षीला येणार आहेस. तू असं सांगणार आहेस म्हणे, की अंगठा घ्यायच्या निमित्तानं हरिओमनं, म्हणजे यांनी, तुझा हात धरला, सोडेना, पिरगाळला, मनगट त्यानंच मोडलं, आणि आपल्या बायकोवर हात टाकलेला बघून नवऱ्याचं डोकं फिरलं. हे तुझं डोकं नाही, हे मला कळतं. लेकरं दिरांनी ठेवून घेतली आहेत आणि हे बोलल्याशिवाय तुला ती मिळायची नाहीत, हेही मला तुझ्या वहिनीकडून कळलं. शालू, यांना मारून टाकलं ते मी पचवत आणलं होतं. पण ज्या माणसानं तुला कायम शालूताई म्हटलं, तो आता बायकांचे हात धरणारा म्हणून कोर्टाच्या कागदात राहील, हे मला पचत नाही. तू बोलायचं की नाही ते मी तुला सांगणार नाही. लेकरं तुझी आहेत, माझ्याकडं तसं गमावण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून मला शूर होणं सोपं आहे. खोटं न बोलता तुला कुठं जायला जागा हवी असेल तर दुकानामागची खोली आहे, लेकरांसाठी कोर्टात भांडायला मी सोबत येईन. आणि तू त्यांच्या बाजूला बसून ते बोललीस, तरीही माझी साक्ष बदलणार नाही. मला फक्त आकड्याबद्दल विचारतील. पण मी न विचारता सांगणार आहे, सोमेश्वरच्या समोर, तुझ्या दिरांच्या समोर, की माझ्या नवऱ्याला वाचवायला त्या सगळ्या गर्दीतून एकच माणूस पुढं झालं, आणि तिचं नाव शालू आहे. तू ते खोटं आहे म्हणालीस तरी मी पुन्हा तेच सांगीन.

अजूनही तुझीच,
मीना